चूल, धुराडे आणि पंखा

गॅस आला आणि चूल गेली, असे आपण सहज म्हणून जातो. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात पहाटे फेरी मारावी, म्हणजे छपरांवरचा धूर वेगळेच सांगेल. चहा गॅसवर होतो. पण अंघोळीचा हंडा, म्हशीचे आंबोण आणि पाहुणे आले की भाकऱ्या लाकडावरच. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, तरी सिलिंडर पुरवून वापरण्याची सवय गेलेली नाही. ज्याच्या परड्यात सरपण पडले आहे त्याने पाणी तापवायला सिलिंडर का जाळावा? तेव्हा चूल चांगली की वाईट हा वाद येथे घालायचा नाही. चूल राहिली, पण तिच्याभोवतीचे घर बदलले, आणि तिकडे कोणाचे लक्ष नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुन्या कौलारू घराला फटीच फटी. कौलांच्या सांध्यांतून धूर जाई, दाराखालून हवा येई. त्या धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसे किती खराब झाली हे आपण आपल्याच घरांत पाहिले आहे, त्यामुळे त्या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आता वर स्लॅब आहे, खिडक्यांना सरकत्या काचा आहेत, दारे घट्ट बसतात. चुलीला धुराडे असते आणि शेजारच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा असतो. धुराडेही आहे, पंखाही आहे, म्हणजे दुहेरी बंदोबस्त झाला असे घरमालकाला आणि गवंड्याला वाटते. दारे-खिडक्या बंद असतील, तर हे दोघे एकमेकांचे वैरी ठरतात.

पंख्याने जेवढी हवा बाहेर टाकली तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. सगळे बंद असेल तर मोठी वाट एकच उरते : धुराडे. आणि धुराड्याची ओढ आपण समजतो त्यापेक्षा फारच दुबळी असते. चार मीटर उंचीचे धुराडे, आतला धूर १५० अंश, बाहेरची हवा २५ अंश धरली, तर हिशेबाने ओढ येते सुमारे १३ पास्कल. वातावरणाचा दाब १ लाख पास्कल असतो हे लक्षात घेतले म्हणजे ही ओढ किती नाममात्र आहे ते कळेल. विस्तव मंदावून धूर ६० अंशांवर आला की ती ५ पास्कलच्या आसपास उतरते. घट्ट बंद खोलीत साधा पंखा तिला सहज हरवतो आणि धुराडे उलटे वाहू लागते.

येथे सर्वांत घातक समजूत आड येते. धूर दिसेनासा झाला, नुसते निखारे उरले, आता भीती नाही, असे मानून आपण खिडकी लावून घेतो. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, आणि नेमके तेव्हाच धुराडे थंड होत असते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. घरातले म्हणतात, पित्त झाले असेल, पड जरा. त्याच खोलीत पडायला सांगतात! करोनाच्या काळात घरोघर आलेले बोटाला लावायचे यंत्रही येथे फसते, कारण या वायूने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते. अशा माणसाला आधी मोकळ्या हवेत न्यावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

जर्मनीत हा प्रश्न कायद्याने हाताळला आहे. तेथील घरे थंडीमुळे हवाबंद, त्यात हवा खेळवणारी यंत्रे, आणि तरी लाकडाच्या शेगडीचा शौक. खोलीतली हवा घेणारी शेगडी आणि हवेचे यंत्र एकाच वेळी चालणार असेल, तर खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा ४ पास्कलहून अधिक उतरता कामा नये. त्यासाठी दाब उतरताच यंत्र थांबवणारी कळ बसवतात, किंवा खिडकी उघडल्याशिवाय स्वयंपाकघरातला पंखा सुरूच होत नाही अशी जोडणी करतात. धुराडी तपासणाऱ्या अधिकृत माणसाने पाहिल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. चांगल्या शेगडीला बाहेरची हवा स्वतंत्र नळाने थेट पोचवतात. हे वाचताना मला आपल्याकडची काही जुनी न्हाणीघरे आठवली. त्यांत हंडा आत असे आणि चुलाण्याचे तोंड भिंतीबाहेर, परसात. विस्तवाची हवा बाहेरची, धूर बाहेर, आत फक्त ऊन पाणी. ते तोंड आत घेऊन वर फरशी बसवणे याला आपण सुधारणा म्हणतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'अस्त्र' केंद्राने धुराड्याची 'अस्त्र ओले' तयार केली (ओले म्हणजे चूल, हे आपल्या कन्नड विभागाला सांगायला नको). १९८३ पासून केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रमही चालला. दोन्हींचा भर सरपण वाचवणे आणि धूर बाहेर काढणे यांवर होता, आणि फटींच्या घरात तो योग्यच होता. आज मात्र घराचा नकाशा काढताना पंख्याची जागा दाखवतात, विस्तवाच्या हवेची दाखवत नाहीत. आपले पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी बर्नूलीचे सूत्र घडाघडा म्हणतात, पण स्वतःच्या न्हाणीघरात ते वापरून पाहत नाहीत.

वापरून पाहायला एक उदबत्ती पुरे. चूल पेटवण्याआधी दारे-खिडक्या लावाव्यात, पंखा सुरू करावा आणि चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. धूर खोलीकडे वळला तर त्या खोलीत पंखा आणि विस्तव एकत्र चालवू नयेत. आत वळला तरी निर्धास्त होऊ नये; निखारे पुरते विझेपर्यंत खिडकी उघडी आणि पंखा बंद असावा. कायमचा उपाय म्हणजे चुलीजवळ, जमिनीलगत, थेट बाहेर उघडणारा झरोका. तो धुराड्याच्या तोंडाहून लहान नसावा. उंदीर येतात, थंडी लागते म्हणून त्यात पोते कोंबले जाईल, हे मला ठाऊक आहे. त्याला लोखंडी जाळी लावावी, आणि सरपण त्याच्यासमोर न रचता दुसऱ्या भिंतीला रचावे.