दोन दिवसांची वाई आणि एक घंगाळ

बागेत जाऊन खरेदी करण्याची सवय पुणेकरांना जुनीच आहे. तुळशीबागेत तुळस पाहायला कोणी जात नाही. नारो आप्पाजी खिऱ्यांनी १७६१ साली तिथे राममंदिराचे काम सुरू केले तेव्हा ती जागा खरोखरच तुळशीची बाग होती. आज तिथे बांगड्या, पोळपाट आणि भातुकली मिळते. रमणबाग म्हटले की शाळा आठवते, हिराबाग म्हटले की चौक. बाग जाते आणि नाव राहते, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही गेले असे वाटतही नाही.

हे आठवायला निमित्त झाले ते आमच्याच एका बेताचे. हल्ली सहकाऱ्यांच्या बोलण्यात शनिवार-रविवारच्या सहलीचा एक ठरलेला आराखडा येतो: गावाकडे जायचे, एखादी बाग किंवा शेत पाहायचे, जुन्या वस्तू धुंडाळायच्या, जाताना 'लोकल' काहीतरी घ्यायचे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. सुटी मोजकी, पगार बरा, घरात गॅलरी आहे आणि गॅलरीत कुंड्या आहेत. तेव्हा आम्हीही वाईचा बेत आखला आणि एका कागदावर यादी केली. लिंबची विहीर, मेणवलीचा वाडा, आत्याकडे मुक्काम, वाघ्या घेवडा, आले, हळद. शेवटी, वेगळ्या शाईत: 'जुने घंगाळ मिळाल्यास – गॅलरीत झाडासाठी'.

ही शेवटची ओळ लिहिताना आम्हाला काहीही खटकले नाही, हे आधीच कबूल करतो.

ज्यांना असा बेत करायचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. खंबाटकी ओलांडल्यावर सुरूरच्या फाट्याला वाईकडे न वळता तसेच साताऱ्याच्या दिशेने पुढे जावे आणि लिंब गावातली बारा मोटांची विहीर आधी पाहून घ्यावी. नंतर उलटे वाईला यावे. संध्याकाळचा घाट त्यामुळे साधतो. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. माघ-फाल्गुनात वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव असतो, तेव्हा गेल्यास गर्दी सोसण्याची तयारी ठेवावी. एक गोष्ट मात्र जमेलच असे नाही: आठवडे बाजार. तो आपल्या सुटीचा वार पाहून भरत नाही. ज्या गावाचा बाजार शनिवार-रविवारी नसतो, तिथे आपण 'लोकल खरेदी' म्हणून जे घेतो ते बहुधा हमरस्त्यावरच्या दुकानातले असते आणि आपल्यासाठीच मांडलेले असते.

लिंबची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. विहिरीत छोटा महाल आहे, कोरीव खांब आहेत, वर मोटांच्या जागा आहेत. लोक ते पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. पण ही विहीर खणली कशासाठी? आमराईसाठी. ३३०० झाडांच्या आमराईला पाणी देण्यासाठी, असे तिथे सांगतात. म्हणजे खरे तर आपण एका बागेला भेट द्यायला आलेलो असतो आणि ती बागच नसते. उरलेले असते ते तिच्यासाठी केलेले बांधकाम. बागेला रोज पाणी लागते, रोज माणूस लागतो. दगडाला लागत नाही. अठराव्या शतकातले काय टिकले आणि काय गेले याचा हिशेब या एका कारणाने पुष्कळसा सुटतो.

मेणवलीत दुसरा प्रकार दिसतो. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, मेणेश्वराचे देऊळ. 'स्वदेस' (२००४) आल्यापासून हा घाट महाराष्ट्राबाहेरच्यांनाही ओळखीचा झाला. देवळाजवळ एका लहानशा घुमटीत पंचधातूची मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल. १७३९च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या मुलखातून अशा घंटा देशावर आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटाही याच कुळातली म्हणतात. विजेत्याने आणली म्हणून ती देवळात गेली. तीच एखाद्या व्यापाऱ्याने आणली असती तर दिवाणखान्यात गेली असती. उलट ज्या कागदांमुळे हा वाडा इतिहासात राहिला, ते नानांचे दप्तर मात्र वाड्यात नाही. द. ब. पारसनिसांनी ते आपल्या संग्रहात आणले, आणि साताऱ्याच्या त्यांच्या संग्रहालयाबरोबर १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. याबद्दल कोणी हळहळत नाही, आणि हळहळूही नये. वाड्यात राहिले असते तर त्याची वाळवीने किती पाने ठेवली असती, कोण जाणे.

तेव्हा जुनी वस्तू मूळ जागेवरून हलवणे हेच पाप, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणायचे तर आधी दिनकर केळकरांना दोषी धरावे लागेल. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे, फण्या जमविल्या. त्यातली बहुतेक भांडीकुंडी मोडीतच गेली असती. पण केळकरांचा संग्रह शेवटी शासनाच्या, म्हणजे सर्वांच्या स्वाधीन झाला, आणि तिथला अडकित्ता आजही अडकित्ता म्हणूनच पाहिला जातो. आमच्या यादीतले घंगाळ कुंडी होणार होते.

घंगाळाची गोष्ट आमच्या पिढीला चांगली ठाऊक आहे. १९८०च्या दशकात आमच्या दोन्ही घरी मोरीत तांब्याचे घंगाळ होते, शेजारी बंब होता. गॅस आला, प्लास्टिकची बादली आली, आणि एका दिवाळीआधी आयांनी तांब्यापितळेची भांडी मोडीच्या भावाने देऊन स्टीलचे डबे घेतले. त्या फसल्या नाहीत. दर दोन दिवसांनी चिंचेने घासण्यातून त्यांची सुटका झाली. जे घासायला आपले हात कधी लागले नाहीत, त्या भांड्याबद्दल आज चाळिशीत आपल्याला गहिवर यावा, यात थोडा भामटेपणा आहे.

आत्याचे घर वाईपासून जवळच्या एका गावात आहे. (आमच्यापैकी एकाची आत्या, म्हणून दुसरीची आत्येसासू; पुढचे एकवचन वाचकांनी चालवून घ्यावे.) चौसोपी वाड्यातला दीड सोपा आता उभा आहे. पण आम्ही यादीत न लिहिलेली बाग निघाली ती तिथे, मागच्या दारी. न्हाणीघराचे पाणी दगडी पन्हाळीतून अळूच्या वाफ्यात जाते, अळूतून निथळून केळीच्या आळ्यात. खरकट्या भांड्यांचे पाणी, आधी राखेने घासलेल्या आणि आता साबणाने धुतलेल्या, वेगळ्या चरातून शेवग्याकडे. साबण आल्यापासून अळूला ते चालत नाही, म्हणून तिने स्वतः फावड्याने चर वळविला. कर्दळ डबक्याच्या कडेला, गवती चहा पायरीजवळ, म्हणजे अंधारात हात घालता येईल असा. जास्वंद आणि तगर देवासाठी, अनंत कशासाठीही नाही. एकाही झाडाला वेगळे पाणी घातले जात नाही. घरात माणूस अंघोळ करतो तोवर ही बाग आहे. लिंबच्या ३३०० झाडांना मोटा लागत होत्या. हिला एक म्हातारी पुरते.

शनिवारी संध्याकाळी चहा घेताना आत्याने सहज सांगितले, की पुण्याकडचा एक जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला. पुढचा दिंडीदरवाजा चौकटीसकट आणि सोप्यातले दोन नक्षीचे खांब त्याला हवे आहेत. कुठल्याशा रिसॉर्टसाठी. खांबांच्या जागी तो लोखंडी नळ बसवून देणार. त्याने सांगितलेला आकडा आमच्यापैकी एकाच्या महिन्याच्या पगाराहून मोठा होता.

आम्ही अर्थातच नको म्हणालो. वारसा, कलाकुसर, पुढची पिढी असे शब्दही बहुधा वापरले. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार करायला १९७२च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, अशी माहितीही पुरविली. आत्याने सगळे ऐकून घेतले.

"अरे, वर्षातनं दोनदा येता. दरवाज्याचे फोटो काढता. पावसाळ्यात माजघरात पाणी गळतं ते येतं का फोटोत?" मग दुसरीकडे वळून म्हणाली, "आणि अगं, तुमच्या कागदावर ते घंगाळ लिहिलंय ना? ते कुणाच्या तरी घरातनंच यायचं."

कागद टेबलावर उघडाच राहिला होता.

या प्रसंगानंतर रात्री आम्ही जे बोललो ते इथे मांडण्याजोगे वाटते. गावाकडच्या दोन दिवसांच्या सहलीत बाग, जुनी वस्तू आणि खरेदी या तीन वेगळ्या गोष्टी नसतात. उभे घर असेल तर परसात पाणी जाते. घर मोडले की पाणी थांबते, बाग वाळते, आणि सुटे झालेले दार-खांब बाजारात येतात. आपण ज्याला जुन्या वस्तूंचे दुकान म्हणतो तो बहुतांशी मोडलेल्या घरांचा माल असतो. गिऱ्हाईक नव्हते तेव्हाही घरे मोडतच होती आणि तुळया सरपणात जात होत्या, हा युक्तिवाद आम्ही एकमेकांना करून पाहिला. तो पडलेल्या घराला लागू पडतो. उभ्या घराचा खांब मागायला माणूस येतो तेव्हा मात्र तो गिऱ्हाइकामुळेच येतो, आणि ते गिऱ्हाईक रिसॉर्टात त्या खांबाशेजारी बसून चहा पिणारे आपणच असतो. आत्याला मात्र हा सगळा विचार परवडणारा नाही. तिला जूनच्या आत कौले आणि वासे बदलायचे आहेत. 'विकू नका' हा उपदेश फुकट असतो, आणि वासे फुकट येत नाहीत.

म्हणून आमचे मत असे, की ज्यांना घंगाळच हवे त्यांनी ते नवे घ्यावे. कसबा पेठेत तांबट आळी आहे. मठारकामाचे ठोके अजून ऐकू येतात. तिथे दिलेला पैसा हातोडी चालविणाऱ्याला मिळतो आणि कोणाच्या मोरीतून काही उचलले जात नाही. गावी गेल्यावर मुक्काम शक्यतो नांदत्या घरात करावा आणि त्याचे रीतसर पैसे द्यावेत, नातेवाईक असले तरी. (हे दुसरे फार कठीण आहे, अनुभवाने सांगतो.) खरेदी करायची तर पिकते ते घ्यावे. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, ओले आले, हळद. हे जमिनीतून दरसाल पुन्हा येते. दिंडीदरवाजा दरसाल येत नाही.

रविवारी सकाळी जुन्या वस्तूंसाठी वेगळे काढलेले पैसे आम्ही आत्यापुढे ठेवले. तेवढ्यात सगळे छप्पर होणार नाही, माजघरापुरते होईल. ती घेईना. बऱ्याच वेळाने घेतले ते उसने म्हणून, आणि वहीत तारीख घालून आमच्या नावावर लिहिले. व्यापाऱ्याला तिने अजून नाही म्हटलेले नाही. 'दसऱ्यानंतर बघू' असा निरोप दिला आहे, आणि तो पुन्हा येईल हे तिलाही ठाऊक आहे, आम्हालाही.

निघताना शेवग्याच्या शेंगांची जुडी आणि गवती चहाचा एक गड्डा मातीसकट मिळाला. गड्डा रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून गॅलरीत ठेवला आहे. डब्याला खाली भोके पाडायची राहिली होती, म्हणून पहिल्या आठवड्यात पाती थोडी पिवळी पडली. आता बरा आहे.