डोंगराळ प्रदेशी एक दिवस

श्रावणाच्या सरी सुरू झाल्या की सुरतेतील मुलांना घर अपुरे वाटू लागते. मागांचा खडखडाट, चिखलाने भरलेले रस्ते आणि तापीचे गढूळ पाणी एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही. "धबधबा पाहायला कधी जायचे?" हा प्रश्न रोज जेवणाच्या वेळी निघतो. वडील सुट्ट्यांची यादी चाळू लागतात, आई डब्याचा विचार करू लागते, आणि आजी मात्र "पाण्यापासून जपा रे बाबांनो" म्हणून जपमाळ हाती घेते. तिघांचेही आपापल्या परीने बरोबर असते. सहलीचा बेत ही वरवर पाहता क्षुल्लक बाब. परंतु तिच्यात कुटुंबाचा सुज्ञपणा, शिस्त आणि धर्मबुद्धी या तिन्हींची परीक्षा होते. म्हणून आज या सदरात त्याविषयीच चार शब्द लिहावेत असा मानस आहे.

प्रथम दिवस ठरवू. १५ ऑगस्ट हा देशाच्या स्वातंत्र्याचा दिवस, तसाच पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचाही सण. कचेऱ्या आणि शाळा बंद असतात, पाऊस भरात असतो, धबधबे ओसंडून वाहत असतात. मात्र सण बाजूला सारून सहल करणे म्हणजे यजमानाला न भेटताच त्याच्या घरची मेजवानी झोडण्यासारखे होईल. तेव्हा पहाटे उठावे, सकाळच्या पहिल्या मिस्सेला सर्व कुटुंबाने उपस्थित राहावे आणि तेथूनच प्रस्थान ठेवावे. सामान आदल्या रात्री बांधलेले असले म्हणजे प्रार्थनेच्या वेळी आईचे चित्त डब्यांत गुंतत नाही.

आता स्थळ. सुरतेहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे अरण्य म्हणजे वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान. पूर्वी हे वांसदा संस्थानिकांचे रान होते; १९७९ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघे २४ चौरस किलोमीटरांच्या आसपास. परंतु साग, खैर आणि उंच बांबूंची येथील दाटी पाहिली म्हणजे अरण्य मोजण्याचे माप चौरस किलोमीटर नव्हे, हे ध्यानी येते. अंबिका नदी त्याच्या कडेने वाहते. वाघ येथून केव्हाच नाहीसा झाला. बिबट्या, तरस, चौशिंगा आणि वाघाटी नावाचे चिमुकले रानमांजर यांचा हा प्रदेश आहे. परंतु एका दिवसाच्या पाहुण्यास त्यांचे दर्शन घडेलच, असे वचन मुलांना देऊ नये. झाडाझाडांमध्ये जाळे विणून बसलेला मोठा रानकोळी दिसला, तरी पुष्कळ झाले. उद्यानात शिरण्यास वनखात्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात आतील वाटा खुल्या असतीलच असे गृहीत धरू नये. आधी चौकशी करावी. दारापर्यंत जाऊन रखवालदाराशी हुज्जत घालू नये.

उद्यानाला लागूनच वघई गाव आहे. तेथून काही किलोमीटरांवर गिरा धबधबा. खापरी नदी तेथे रुंद कातळावरून खाली झेपावते आणि पुढे अंबिकेला मिळते. उन्हाळ्यात तेथे जाणाऱ्याच्या वाट्याला कोरडा खडक येतो. खरे वैभव पावसाळ्यात आणि त्यानंतरचे थोडे दिवस. वघईतच वनस्पतिउद्यान आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या २४ हेक्टरांच्या बागेत बांबूच्या नाना जाती पाहावयास मिळतात. कित्येक मंडळी त्याच दिवशी सापुतारा आणि गिरमाळचा धबधबाही पदरात पाडून घेऊ पाहतात. सापुतारा वघईहून आणखी ५० किलोमीटर घाटाने वर, आणि गिरमाळ आहव्याच्याही पलीकडे सुबीरच्या बाजूस. हे सर्व एका दिवसात करणारा केवळ रस्ता पाहून परततो. एक धबधबा, एक बाग आणि अरण्याची कड एवढे पुरे मानावे.

प्रवासाचे म्हणाल तर बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरांची अरुंद रुळांची गाडी मुलांना फार आवडते. गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने डांगचे सागवान वाहून आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग बांधला. २०२० मध्ये बंद पडलेली गाडी सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. परंतु एकाच वाटेस तिला तीन तासांहून अधिक लागतात. शिवाय आधी सुरतेहून बिलिमोरा गाठावे लागते. म्हणून तिच्यासाठी निराळा दिवस राखावा, आणि निघण्यापूर्वी स्थानकावर वेळापत्रक विचारून घ्यावे. एका दिवसाच्या सहलीस मोटार किंवा राज्य परिवहनाची बस बरी. अंतर १०० ते १२० किलोमीटर, वेळ अडीच ते तीन तास. धबधबा प्रथम पाहावा, कारण दुपारी तेथे गर्दी लोटते. मग भोजन, मग बाग. चार वाजता परतीस लागावे. डब्यात चपाती, सुकी भाजी, उकडलेली अंडी. सोबत पिण्याचे पाणी, कोरडे कपडे, विजेरी आणि कचरा परत आणण्यासाठी एक कापडी पिशवी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही काही कुटुंबे मिळून डांगातील एका ओढ्यावर गेलो होतो. आमचा दहा वर्षांचा भाचा प्रवाहातील एका मोठ्या दगडावर जाऊन बसला. पाऊस थांबलेला, ऊन पडलेले. आम्ही निश्चिंत होतो. पलीकडच्या भातखाचरातून एक मनुष्य हातवारे करून ओरडू लागला. त्यास काही पैसे हवे असावेत, असे आम्हांस वाटले. हे लिहिताना आजही लाज वाटते. तो धावत पाण्यात शिरला, मुलास खांद्यावर घेऊन काठावर आला, आणि थोड्याच वेळात तो दगड पाण्याखाली गेला. वर डोंगरात पाऊस झाला होता. पाण्याचा रंग तांबूस झाला होता, पाने आणि काटक्या वाहत येऊ लागल्या होत्या. त्याने ते पाहिले; आम्ही पाहूनही पाहिले नाही.

मी खिशात हात घातला, तेव्हा त्याने मान हलवली. त्याची डांगी बोली आपल्या मराठीला इतकी जवळची, की बहुतेक बोलणे समजले. दिवाळी झाली की तो बायकामुलांसह बारडोलीकडे ऊस तोडण्यास येतो आणि उन्हाळ्यापर्यंत फडावरच राहतो, असे त्याने सांगितले. पावसाळ्यात तेवढा तो आपल्या घरी असतो. "पोर सांभाळा," एवढे म्हणून तो भात लावण्यास परत गेला. घरी आल्यावर मी सर्व हकीकत सांगितली. पत्नीने एवढेच विचारले, "त्याचे नाव काय?" मला उत्तर देता आले नाही. ज्याने आमचे मूल परत दिले, त्याचे नावही आम्ही विचारले नव्हते. आणि त्यानंतर कित्येक दिवस चहात साखर घालताना मला त्याचे हात आठवत.

तेव्हा दोन नियम सांगतो. पहिला पाण्याचा: प्रत्येक मुलामागे एक जाणता माणूस नेमावा, शेवाळलेल्या कातळावर आणि धबधब्याखाली कोणीही जाऊ नये, आणि पाण्याचा रंग बदलताच सामान टाकून वर चढावे. दुसरा माणसांचा: डांग हा केवळ देखावा नव्हे, ते कोणाचे तरी घर आहे. वाटेवर मक्याची कणसे किंवा बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या बायांशी घासाघीस करू नये, विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये, आणि ज्याच्याशी बोलाल त्याचे नाव विचारून घ्यावे.

स्वर्गोन्नयनाच्या सणास जे शुभवर्तमान वाचले जाते, त्यात मरिया त्वरेने डोंगराळ प्रदेशी निघते. नाझरेथपासून, परंपरेने दाखवतात त्या एन-करीम गावापर्यंत तिची वाट १०० किलोमीटरांहून अधिक होती. म्हणजे आपल्या वघईइतकीच म्हणा ना. तीही घर सोडून गेली, परंतु एलिझाबेथच्या उंबरठ्याशी तिने प्रथम काय केले? तिने अभिवादन केले. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने एवढा धडा घेतला, तरी सण पाळला असे होईल.

यंदाही आमचा बेत ठरला आहे. भाचा आता मोठा झाला आहे. त्याला तो ओढा आणि ते भातखाचर दाखवायचे आहे. तो मनुष्य भेटेलच असे नाही. भेटला तर मात्र प्रथम त्याचे नाव विचारू.