गाडी खाली बसवली, पण टायरचं काय?

गाडी दीड-दोन इंच खाली बसवली की रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण त्या हौसेची किंमत टायर मोजतात, तीही नजरेआड.

नेमकं काय होतं?
स्प्रिंग आखूड झाली की चाकांचे कोन बदलतात. चाक वरून आत कलतं, हा ‘निगेटिव्ह कॅम्बर’. दोन्ही चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळतात, हा ‘टो’. दोष सहसा कॅम्बरला दिला जातो, पण टायर झपाट्याने खातो तो बिघडलेला टो. चाक सरळ फिरण्याऐवजी रस्त्यावर तिरकं घासत जातं. कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर असतोच. परिणामी बाहेरून नवा दिसणारा टायर आतून गुळगुळीत होतो.

अलाइनमेंट केली की झालं?
नेहमीच नाही. अनेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो जुळवता येतो. कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट बसवावे लागतात. बॅलन्सिंग म्हणजे तर अलाइनमेंट नव्हेच.

मग काय करावं?
गॅरेजने आधीच्या आणि नंतरच्या कोनांचा प्रिंट दिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नये. महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली कड पाहावी. खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या तर टायर बाद. पावसात टायरखालचं पाणी याच खाचा बाहेर काढतात. ज्याला अलाइनमेंटचा खर्च जड वाटतो, त्याने गाडी खाली बसवूच नये.