शेजारधर्म पाण्याचा

1993 साली कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, शुद्ध केलेल्या पाण्यापैकी 72 टक्के पाण्याचा पैसा तिजोरीत येतच नव्हता. काही पाणी जमिनीत मुरे, काही चोरीला जाई. 2010 च्या सुमारास हेच प्रमाण सहा टक्क्यांवर आले आणि नळाला चोवीस तास पाणी राहू लागले.

श्रेय आधी जलसंस्थेचे प्रमुख एक सोन चान यांचे. मीटर बसवायला गेल्यावर एका लष्करी अधिकाऱ्याने पिस्तूल रोखले, तरी त्यांनी त्याची जोडणी तोडलीच.

पण 1999 पासून जपानच्या किताक्युशू शहराच्या पाणीखात्यातले कर्मचारी त्यांच्या मदतीला होते. त्यांनी नॉम पेन्हचे विभाग पाडून प्रत्येकाचा प्रवाह आणि दाब दूरमापनाने मोजायला शिकवले. कोणत्या विभागात पाणी गळते ते कळले की माणसे थेट तिथे. गळती शोधणे हे कानाचेही काम आहे: रात्री रहदारी थांबल्यावर कांडीचे एक टोक नळाला, दुसरे कानाला लावून सळसळ टिपायची. हे कसब पुस्तकातून येत नाही, शेजारी उभे राहूनच शिकता येते.

वसुली वाढली, संस्था स्वतःच्या पायावर उभी राहिली. 2012 मध्ये कंबोडियाच्या शेअर बाजारात नोंदली गेलेली पहिली कंपनी हीच.