वामन परतला नाही, बळी तर आलाच नाही

उदगीरच्या वाचनालयात बसलेल्या पोराला विचारा, "काय वाचलालास?" तो स्पर्धा परीक्षेचं गाईड दाखवील. विज्ञान कादंबरी? नाही. दोष त्याचा नाही दोस्तांनो. मराठीत किशोरांसाठी यानं उडाली, यंत्रमानव बोलले, परग्रहावरून संदेश आले, पृथ्वी धोक्यात आली. तिला वाचवायला चार हुशार डोकी धावली. ती डोकी ज्या घरांतून निघाली त्यांचा पत्ता आपल्याला पाठ आहे. गावकुसाच्या आतला.

जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' घ्या. जमिनीखाली पेटी सापडते. आपल्याआधी होऊन गेलेल्या एका पुढारलेल्या संस्कृतीचं ज्ञान तिच्यात बंद. त्या ज्ञानातून यंत्रमानव घडतो, त्याचं नाव वामन. मग प्रश्न पडतो, जे त्यांचं झालं तेच आपलंही होणार का? कादंबरी पकड घेते, हे मान्य. नियती कपाळावर लिहिलेली नसते, माणूस ती आपल्या हातानं घडवतो, एवढं ती पोरांना शिकवते. हे काम थोडं नाही.

पण वामन म्हटलं की आम्हाला बळी आठवतो. जोतीरावांनी १८७३ सालीच 'गुलामगिरी'त त्या तीन पावलांचा हिशेब मागितला होता. सगळं गिळणारा वामन यंत्र होऊन आला, तर ज्याच्या डोक्यावर पाय पडायचा तो कुठंय? कादंबरीत अख्खी 'मानवजात' संकटात सापडते. सगळी एकदम, सारखी. अरे, ही मानवजात इथं कधी एका पाणवठ्यावर तरी आली होती का?

नारळीकर माणूस म्हणून मोठे. २० मे २०२५ ला गेले, पण जाईपर्यंत पत्रिकेच्या बाजाराशी भांडले. २००८ साली पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीनं त्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका. ओळखा कुठली कोणाची! २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांचा निकाल पाठवला. शेकडा ४६ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं.

तरी एक पत्रिका शिल्लक राहिली. ती आडनावात छापलेली असते. ती वाचणारा ज्योतिषी दर गल्लीत बसलाय आणि त्याचं भाकीत सहसा चुकत नाही. कारण ते खरं करायला सगळा गाव राबतो.

याच नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपलं नाव बघून परीक्षक दबतील म्हणून. कथेनं बक्षीस मारलं. आमचं उदगीरचं पोरगं लातूरला शिकवणीला जातं आणि खोली बघताना आडनाव गिळतं. खरं कळलं की मालकाला आठवतं, खोली तर कालच गेली! नाव दोघांनी लपवलं. एकाला ते उघड झाल्यावर टाळ्या मिळाल्या, दुसऱ्याला जिना उतरावा लागला.

आता दोस्तीचं. किशोर कादंबरीत दोस्ती फुकट मिळते. चार टाळकी जमली की झाले जिवलग. आमच्याकडं ती शाळेच्या बाकावर होते, डब्यात डबा मिसळते आणि दोस्ताच्या उंबऱ्यावर अडते. आतून आवाज येतो, "कोणाचा रे तू?" नियती म्हणतात ती हीच. तिला हरवणं एकट्या आमच्या पोराचं काम नाही. आतल्या दोस्तानंही स्वतःच्या आईबापासमोर तोंड उघडलं पाहिजे. यान उडवण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि कादंबरी इथंच सुरू होते.

१९७२ ला आपण ज्यांच्याकडून 'पँथर' हा शब्द घेतला, त्या काळ्या माणसांत हे घडलंय. ऑक्टेव्हिया बटलर. तिची आई लोकांच्या घरची मोलकरीण. १९९३ च्या 'पॅरेबल ऑफ द सोअर' कादंबरीत तिनं पंधरा वर्षांची काळी पोरगी नायिका केली, लॉरेन. वस्ती जळते, घरचे जातात, पोरगी रस्त्याला लागते. चालता चालता अनोळखी माणसं जोडते. त्या दोस्तांच्या जिवावर आपली नियती आपणच ठरवते : माणसाची वस्ती ताऱ्यांवर न्यायची! २०२१ ला नासाची गाडी मंगळावर उतरली, त्या जागेला बटलरचं नाव दिलं. आणि इथं? वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचा निर्णय घ्यायला महाराष्ट्र सरकारला २०२० चा डिसेंबर उजाडला.

रोहित वेमुलालाही कार्ल सेगनसारखं विज्ञान लिहायचं होतं. जानेवारी २०१६ मध्ये, शेवटच्या पत्रात त्यानं ते सांगून ठेवलं. ती पुस्तकं कोणी लिहू दिली नाहीत, हे विसरू नका.

कथानकाला जागा लांब शोधायला नको. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायला केंद्रानं एप्रिल २०२३ ला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडायला. त्याच औंढ्याला नामदेव शिंप्याला देवळामागं हाकललं आणि देऊळच फिरलं, अशी कथा सांगतात. देऊळ फिरायची वाट किती बघणार? त्या नळ्यांसाठी माती उपसणाऱ्या बाईची पोरगी आणि तिची एक मैत्रीण, एवढी दोन पात्रं बस्स आहेत.

एप्रिल २०२२ ला उदगीरात अखिल भारतीय आणि विद्रोही, दोन्ही साहित्य संमेलनं भरली. मांडव उठले. लिहिणारे हात इथंच आहेत. गाईड बाजूला सारा, वही काढा. बळीला यानात बसवायचं काम दुसरं कोणी करणार नाही.