टिकलीखालचा डाग

गेल्या पाडव्याची गोष्ट. ओवाळायला जाण्यापूर्वी टिकली बदलावी म्हणून आरशासमोर उभी राहिले, जुनी टिकली काढली आणि काळजात धस्स झाले. टिकलीच्या जागी तेवढाच गोल, पांढरा डाग! महिनाभर तिथे खाज येत होती. पण दिवाळीच्या कामांत खाजेकडे पाहायला सवड कोणाला?

"कोड तर नव्हे?" सासूबाई हळूच म्हणाल्या. घरात वन्संचे लग्न ठरत आलेले. तो शब्द शेजारी गेला असता तर पुढचे बोलायलाच नको.

आम्ही अंबाजोगाईकर; शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गावातच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डाग पाहून आधी विचारले, "चिकटवायची टिकली लावता ना?" मग त्यांनी उलगडा केला. टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचे द्रव्य असू शकते. कातडीला रंग देणाऱ्या पेशीच ते मारते. म्हणून डाग नेमका टिकलीएवढा. "टिकली आजपासून बंद. रंग परतू शकतो, पण हमी देत नाही."

"मग कुंकू लावीन," मी म्हटले. तर बाई म्हणाल्या, "तेही पारखून!" पुदुच्चेरीच्या जिपमर या केंद्र सरकारच्या संस्थेतील डॉक्टरांनी कुंकवाने त्वचा बिघडलेल्या ४६ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आजीचे कुंकू त्यातले. बाजारच्या पुडीत कृत्रिम रंगही असतात.

घरी येऊन मी डब्या-पाकिटे वाचायला बसले. यजमानांच्या कलपावर 'आधी थोडे लावून पाहा' अशी सूचना होती. कायद्यानेच ती छापावी लागते. माझ्या टिकल्यांच्या पाकिटावर मात्र डिंकाचा उल्लेखसुद्धा नव्हता!

राहिला प्रश्न रिकाम्या कपाळाचा. सवाष्णीने तसे बसायचे कसे? मी चाचरतच सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, कपाळ धड राहिले तर कुंकू!" वन्संच्या लग्नातही मी तशीच वावरले. कोणी विचारले की मी सांगण्याआधी सासूबाईच डिंकाची गोष्ट सांगत.

डाग आता बराच भरून आला आहे. भगिनींनो, रात्री टिकली आरशाला चिकटवताना एकदा कपाळाकडेही पाहा. खाज येत असेल, तर डागाची वाट पाहू नका.