कानात कथील, कानात कंप्रेसर

गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलंय, शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता. आता कुणी कथील आणत नाही. आता कंप्रेसर आहे, चिपिंगचा हातोडा आहे, फाळक्यात सोडलेला लोडर आहे. वेद आम्हाला ऐकायचाच नव्हता, तरी ओतणं काही थांबलं नाही.

दोस्तांनो, मी रायगडच्या किनाऱ्यावर एका खाडीतल्या जेट्टीवर माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, म्हणजे कान हेच माझं भांडवल. बार्जचा फाळका म्हणजे लोखंडी डबा. ग्रॅब वरचा माल उपसतो, तळाचा खरवडायला लोडर आत उतरवतात. पातं लोखंडाला घासतं आणि तो आवाज चारी बाजूंना आपटून परत आपल्याच टाळक्यात शिरतो. आम्ही फावडी घेऊन तिथंच. पाळी कागदावर आठ तासांची, अंगावर बारा.

ह्या आठाचा हिशेब बघा. आपल्या कारखाना नियमांतली मर्यादा ९० डेसिबलची, तीही आठ तासांसाठी. अमेरिकेची सरकारी संशोधन संस्था नायॉश ८५ च्या वर जाऊ नका म्हणते. पाचाचा फरक चिल्लर वाटतो. पण दर तीन डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते, म्हणजे ९० ला मार ८५ च्या तिप्पट. आणि बारा तास राबणाऱ्याला ते ९० सुद्धा लागू पडत नाही. १९४६ साली, मजूर खातं बाबासाहेबांकडे असताना, कारखान्यातला आठवडा ५४ तासांचा ४८ वर आला. कंत्राटदाराने ते तास परत चोरले, सोबत कानही नेले.

कान एका दिवसात जात नाही. रक्त येत नाही, म्हणून साला अपघातही धरत नाहीत. आतल्या शंखातल्या केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. पहिला घाव बसतो चार हजार हर्ट्झच्या आसपास, उंच आवाजावर. त्यामुळे ढोल ऐकू येतो, पण बोलण्यातले स, श, फ गळून पडतात. माझे चुलते वीस वर्षं जहाजांचा गंज ठोकत होते. नात विचारते, ‘आजोबा, साखर देऊ?’ त्यांना ऐकू येतं ‘भाकर’. घर हसतं. म्हातारा मुद्दाम करतो म्हणतात. म्हाताऱ्याने अजून पन्नाशी गाठलेली नाही! (जयंतीला डीजेच्या भिंतीला चिकटून नाचणाऱ्यांनो, तुम्हालाही हेच लागू.)

हे मालकांना माहीत नव्हतं असं नाही. १८८६ साली ग्लासगोत थॉमस बार नावाच्या डॉक्टराने १०० बॉयलर कामगारांचे कान तपासले. एकाचाही धड निघाला नाही.

भरतीच्या वेळी माझंही ‘मेडिकल’ झालं. छाती बघितली, डोळ्यांना तक्ता दाखवला. कानासाठी डॉक्टरने नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने लिहिलं, श्रवण नॉर्मल. खरी तपासणी म्हणजे आवाजबंद खोली, कानाला हेडफोन, एकेका पट्टीतला सूर बारीक करत नेतात आणि कुठला कुठे हरवला त्याचा आलेख काढतात. आधी चौदा तास तरी कान गोंगाटापासून लांब ठेवावा लागतो, नाहीतर पाळीने आलेला बधिरपणा आणि कायमचं बहिरेपण यातला फरक कळत नाही. भरतीचाच आलेख नसेल तर उद्या कंपनीचा वकील विचारणार, बहिरा तू इथं झालास की आईच्या पोटातून तसाच आलास? म्हणूनच तो काढत नाहीत.

१९४८ साली कामगार विम्याचा कायदा झाला. गोंगाटाने गेलेल्या कानाची देशातली पहिली भरपाई मिळाली १९९६ साली. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता आल्या, आणि सरकारने गाजवलं, चाळिशीवरच्या कामगाराची दरवर्षी फुकट तपासणी. चाळिशी! कानाची सगळ्यात मोठी नासाडी गोंगाटातल्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत होते. विसाव्या वर्षी फाळक्यात उतरलेला पोरगा पस्तिशीपर्यंत कान घालवून बसतो, मग हे दारात येऊन विचारणार, ऐकू येतं का? धोकादायक उद्योगात सगळ्यांची तपासणी आहे म्हणे. मग फाळका धोकादायक कुणी ठरवायचा, जो कधी त्यात उतरला नाही त्याने?

मुकादम मूठभर बोळे फेकतो, कानात घाला. घातले तर वरून ओरडणाऱ्या विंचवाल्याची हाक ऐकू येत नाही, ग्रॅब डोक्यावर. कंप्रेसर झाकायला, लांब न्यायला, पाळीत माणसं बदलायला पैसा लागतो, बोळे स्वस्त. आणि कान गेलाय असं कबूल केलं की उद्यापासून कामाला येऊ नको. म्हणून जुने लोक ओठ बघून माना डोलावतात. आमचं मागणं एवढंच: भरतीला आलेख, वर्षाला आलेख, त्याचा कागद मराठीत आमच्या हातात, आणि आलेख बिघडला तर माणूस नाही, मशीन बदला.

वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत कान तपासायचं शिक्षण मिळतं. तुमच्यापैकी कुणी तिथं शिकत असेल तर मशीन घेऊन एका रविवारी खाडीवर या. शनिवारची रात्रपाळी आम्ही बुडवतो.